प्रिंट चिकटवू नका, टांगा

फ्रेममधल्या फोटोला काही महिन्यांत लाटा आल्या, की लोक छपाईला किंवा कागदाला दोष देतात. फ्रेम उघडली की बहुतेक वेळा प्रिंट चारही बाजूंनी टेपने जखडलेली सापडते. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. कडा बांधलेल्या असल्या की फुगलेल्या कागदाला सरकायला जागा उरत नाही आणि तो मधोमध पोक काढतो. म्हणून प्रिंट वरच्या कडेला दोन ठिकाणी धरायची आणि बाकी मोकळी सोडायची.

आधी बोर्ड. फ्रेममध्ये दोन लागतात: पुढचा मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा, म्हणजे माउंट, आणि प्रिंटच्या मागचा अखंड पुठ्ठा. 'अ‍ॅसिड-फ्री' एवढ्या शब्दावर भुलू नका. साध्या लगद्यात चुनखडीची पूड मिसळूनही तो शिक्का मिळवता येतो, पण लगद्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातला पिवळा पडणारा घटक, तसंच राहतं आणि काही वर्षांत बोर्ड पिवळा पडतो. खिडकीचा तिरका काप तपकिरी होतो आणि तोच डाग प्रिंटवर चौकटीसारखा उमटतो. लिग्निन नसलेला किंवा सुती लगद्याचा बोर्ड घ्या. आयएसओ १८९१६ ही खास फोटोंसाठीची चाचणी पास झालेला मिळाला तर उत्तमच. फोर-प्लाय (चार पदरी) बोर्ड साधारण १.४ मिमी जाड असतो. मोठ्या प्रिंटला एट-प्लाय बरा, कारण मोठा कागद पुढे झुकून काचेला टेकू शकतो. मागचा बोर्डही त्याच प्रतीचा हवा. प्रिंटची अख्खी पाठ त्यालाच टेकलेली असते, आणि काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

आता माप. समजा प्रिंट २०० × ३०० मिमी आहे, उभी, आणि फ्रेमची खाच, म्हणजे मागून काच आणि बोर्ड बसतात ती जागा, ३०० × ४०० मिमी. दोन्ही बोर्ड २९८ × ३९८ कापा, खाचेत घट्ट बसवू नका. प्रिंटच्या प्रत्येक कडेवर माउंट ४ मिमी चढवायचा, म्हणजे खिडकी १९२ × २९२. डावी-उजवीकडे ५३-५३ मिमी उरतात. उभ्या दिशेला १०६ उरतात, त्यातले वर ५० आणि खाली ५६ ठेवा. समसमान ५३ ठेवले तर भिंतीवर फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर सही असेल तर खिडकी मोठी करून सभोवती ८-१० मिमी कागद दिसू द्या.

आखणी बोर्डाच्या मागच्या बाजूला, टोकदार पेन्सिलीने आणि गुण्या लावून. रेघा कोपऱ्यांच्या पुढे, पार कडेपर्यंत न्या, म्हणजे माउंट-कटरची पाती कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची ते दिसतं. कापताना बोर्डाखाली त्याच जाडीचा रद्दी तुकडा हवाच. तो नसेल तर पाती पोकळीत उतरते आणि पुढच्या पृष्ठाला तूस येते. पाती रद्दी तुकड्यात जेमतेम रुतेल इतकीच बाहेर काढा. जास्त काढली तर ती वाकते आणि कापाची सुरुवात कोयरीसारखी वळते. पंचेचाळीस अंशांत कापताना पातीचं टोक खिडकीपासून बाहेर कलायला हवं. उलट कललं तर पांढरी तिरकी कड समोरून दिसतच नाही. कोपऱ्याच्या रेघेआधी साधारण बोर्डाच्या जाडीइतकं, म्हणजे दीडेक मिमी, मागे सुरू करा आणि शेवटी तितकंच पुढे जा. एका दमात ओढा.

मधला तुकडा आपोआप पडला नाही तर ओढू नका. पुढचा कागद फाटतो आणि मग त्या माउंटला इलाज नाही. सुटी पाती त्याच तिरक्या कोनात कोपऱ्यात सरकवून अडकलेला धागा कापा. पाती नवी असू दे. पात्यांत कंजूषी करणारे बोर्ड वाया घालवतात.

खिडकीचा बोर्ड पालथा आणि मागचा बोर्ड उताणा ठेवा, दोघांच्या वरच्या कडा एकमेकींना भिडवा आणि सांध्यावर कापडी टेप लावा. आता ते पुस्तकासारखे उघडमिट होतील. खिडकी मिटून प्रिंट तिच्यातून जागेवर सरकवा, तिच्यावर स्वच्छ कागद ठेवून वर हलकं वजन ठेवा, मग खिडकी उघडा.

फायबर कागदाच्या, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेल्या, प्रिंटला जपानी कोझो कागदाच्या (झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा कागद) बिजागऱ्या, म्हणजे प्रिंट टांगणाऱ्या पट्ट्या, लावा. पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या कुंचल्याने रेघ मारून फाडा. तंतू सुटलेली कड पातळ असते, तिचा वळ प्रिंटवर उठत नाही. खळ गव्हाच्या स्टार्चची हवी, कणकेची नाही. एका मापाला चार-पाच मापं पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार झाल्यावर गाळा. पट्टीचं टोक प्रिंटच्या पाठीला, वरच्या कडेशी, फक्त ५ मिमी चिकटवा. शोषक कागद आणि वजन ठेवून वाळू द्या. कडेवर उभं राहिलेलं टोक मागच्या बोर्डावर टेकवा आणि त्यावर दुसरी पट्टी आडवी चिकटवा. ही आडवी पट्टी प्रिंटच्या कडेपासून दोनेक मिमी वर असू दे. बिजागरी प्रिंटपेक्षा कमकुवत हवी. फ्रेम पडलीच तर फाटायची ती बिजागरी.

प्लॅस्टिक थर असलेल्या आरसी कागदावर ही खळ नीट धरत नाही आणि इंकजेट प्रिंटला ओलावा नको. तिथे कागदाचे किंवा पॉलिस्टरचे कोपरे वापरा. ते बोर्डाला चिकटतात, प्रिंटला नाही. कोपऱ्यात केसभर सैल जागा ठेवा. सेलोटेप, मास्किंग टेप, रबर सोल्यूशन यांतलं काहीही नको, कारण त्यांचा गोंद वर्षांनी तेलकट होऊन कागदात झिरपतो. ड्राय माउंटिंगने, म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने अख्खी पाठ बोर्डाला चिकटवली की, प्रिंट सपाट बसते खरी, पण ती पुन्हा सुटत नाही. पुन्हा छापता येईल अशाच प्रिंटला ते करा.

इंकजेट प्रिंट त्याच दिवशी फ्रेममध्ये घालू नका. शाईतले द्रव उडून काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरतात. साधा कागद वर ठेवून किमान एक दिवस जाऊ द्या, मधे कागद बदला. माउंट न लावता काच थेट प्रिंटवर ठेवणं तर टाळाच. दमट हवेत डार्करूममध्ये छापलेल्या फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून काचेला चिकटतो, सोडवायला गेलं की चित्राचे पोपडे निघतात. फ्रेमच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांत नमद्याच्या टिकल्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहते.