ब्रोमीन कुठे गेलं?

ब्रोमीन वापरून मिथेनपासून इथिलीनसारखी रसायनं बनवण्यावर पीएचडी सुरू केली तेव्हा पहिल्या चार महिन्यांत मी फक्त कन्व्हर्जनचा आकडा, म्हणजे किती मिथेन वापरलं गेलं, तेवढाच बघत होते. तो वाढला की खूश. ग्रुप मीटिंगमध्ये सरांनी एवढंच विचारलं, "ब्रोमीन कुठे गेलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी हा प्रश्न पहिल्या दिवसापासून धरावा. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध जवळपास ४३९ किलोज्यूल प्रति मोलचा, सहजी तुटत नाही. फ्लोरीन तो तोडतो, पण आवरत नाही. आयोडीन जेमतेम हलतं. म्हणून क्लोरीन किंवा ब्रोमीन. ब्रोमीन जास्त निवडक असतं. साधारण ४०० ते ५०० अंशांवर मिथिल ब्रोमाइड मिळतं, ते झेडएसएम-५ झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या उत्प्रेरकावरून नेलं की इथिलीन-प्रोपिलीन, आणि सोबत एचबीआर, म्हणजे हायड्रोजन ब्रोमाइड. त्या एचबीआरचं ऑक्सिजनने पुन्हा ब्रोमीन करायचं. कागदावर ब्रोमीन खर्चच होत नाही!

प्रत्यक्षात होतं. माझं बरंचसं डायब्रोमोमिथेनमध्ये (एकाऐवजी दोन ब्रोमीन लागलेलं मिथेन) गेलं होतं, आणि झिओलाइटवर कोक, म्हणजे कार्बनचा थर, धरतो तो मुख्यतः यानेच. मिथेन भरपूर ठेवलं की ते कमी होतं, पण मग कन्व्हर्जनचा आकडा पडतो. पडू द्या.

उरलेल्या ब्रोमीनचा पत्ता वेगळ्याच ठिकाणी लागला. एचबीआरच्या ऑक्सिडेशनमध्ये पाणी तयार होतं. रिअॅक्टरनंतरची वीतभर लाइन मी हीटिंग टेपशिवाय सोडली होती. तिथे ओलं एचबीआर साचलं आणि स्टीलचं युनियन (नळ्या जोडणारा सांधा) आतून खाऊन टाकलं. उघडलं तर आत हिरवट-तपकिरी चिखल. आता गार होणाऱ्या भागात टेफ्लॉन किंवा काच, आणि त्याआधी सगळीकडे टेप. ब्रोमीन सांडलंच तर हायपोचं (सोडियम थायोसल्फेट) द्रावण हाताशी हवं, हे वेगळं सांगायला नको.

हिशोबासाठी महागडं यंत्र लागत नाही. बाहेर येणारा वायू पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून सोडा. सुटलेलं आयोडीन हायपोने टायट्रेट केलं की न वापरलेलं ब्रोमीन कळतं, नंतर कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइड) एचबीआर. सेंद्रिय ब्रोमाइडं जीसीवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या गॅस क्रोमॅटोग्राफवर. बीएस्सीला कंटाळून केलेलं तेच टायट्रेशन! फक्त आयोडीन दाखवणारं स्टार्च रोज ताजं करा. शिळ्या स्टार्चला स्वच्छ निळा रंग येत नाही, लालसर-जांभळा येतो, आणि एंड पॉइंट कुठे हे सांगता येत नाही.