माद्रिदमधला शनिवार-रविवार: एक नाटक नीट बघायचं तर

माद्रिदला शिकायला आल्यावर सुट्टीचे पहिले दिवस टोलेडो, सेगोविया उरकण्यातच जातात. तीही गावं बघाच, पण एखादा शनिवार-रविवार फक्त नाटकासाठी ठेवा. वर्गात न सापडणारी स्पॅनिश तिथे ऐकू येते.

सान्ता आना चौकातल्या तेआत्रो एस्पान्योलच्या जागी १५८३ पासून नाटकं होताहेत. तिथून चार पावलांवर, प्रिन्सिपे रस्त्यावर, तेआत्रो दे ला कोमेदिया आहे. १९८६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अभिजात नाट्यमंडळी इथे लोपे दे वेगा, काल्देरोन यांची नाटकं करते. ती पद्यात असतात, भाषा चारशे वर्षांपूर्वीची. स्पॅनिश बेताची असेल तर आधी थारथुएला बघा: थोडं बोलणं, थोडं गाणं. संगीत नाटकावर वाढलेल्या कानाला हा प्रकार परका वाटत नाही. त्यासाठी १८५६ साली उघडलेलं स्वतंत्र नाट्यगृहच आहे.

अभिजात नाटक निवडलंत तर शुक्रवारी दोन तास काढा. मिगेल दे सेर्वान्तेस आभासी ग्रंथालयात बहुतेक संहिता फुकट मिळतात. तीन अंकांपैकी पहिला मोठ्याने वाचा आणि कोण कोणाचा कोण हे कागदावर मांडा. प्रत्येक शब्द कोशात शोधत बसू नका. पहिल्या पंधरा मिनिटांत नाती हुकली की पुढचे दोन तास नुसते पोशाख बघावे लागतात.

तिकीट काढताना एक घोळ हमखास होतो. जुन्या नाट्यगृहांत बहुधा विषम आकडे मधल्या वाटेच्या एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला असतात. म्हणजे ७ आणि ८ घेतलंत तर मैत्रीण पलीकडच्या बाजूला! शेजारी बसायचं तर ७ आणि ९ घ्या. आकडा जितका लहान तितकी खुर्ची मध्याजवळ. ‘विसिबिलिदाद रेदुसिदा’ लिहिलेली जागा स्वस्त असते, कारण तिथून रंगमंचाचा एक भाग दिसत नाही. भाषा कच्ची असताना ओठ आणि चेहरे दिसणं फार मोलाचं, तेव्हा ती टाळा. तरुणांची सवलत आहे का ते विचारा. वयाची अट जागोजागी वेगळी असते, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा.

वीस मिनिटं आधी पोचा. प्रयोग सुरू झाल्यावर बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत. ‘सिन इन्तेर्मेदियो’ म्हणजे मध्यंतर नाही, तेव्हा वड्याची आशा सोडा आणि आधीच काहीतरी खाऊन घ्या.

खरं जेवण नंतरच. रात्री नऊच्या आधी स्वयंपाकघरं धड सुरू झालेली नसतात, म्हणून आठचा प्रयोग सोयीचा पडतो. शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढंच सांगून भागत नाही. हामोन, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, आणि टुना मासा हे पुष्कळांच्या लेखी ‘मांस’ नसतंच. सालमोरेखो हे टोमॅटोचं गार, घट्ट सूप दिसायला निर्धोक, पण वर हामोनचे तुकडे भुरभुरलेले असतात. ‘नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन’ (ना मांस, ना मासे, ना हामोन) असं एकेक नाव घेऊन सांगा. पिमियेन्तोस दे पाद्रोन, म्हणजे तेलात परतून जाडं मीठ घातलेल्या छोट्या मिरच्या, निर्धास्त मागवा. क्वचित एखादी तिखट निघते.

मेट्रो रात्री दीडला बंद होते. त्यानंतर सिबेलेस चौकातून ‘बूओ’ म्हणजे घुबड नावाच्या रात्रबस सुटतात.

रविवारी सकाळी एल रास्त्रोचा बाजार. अकरानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दहापर्यंत जा आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा. संध्याकाळी ५ ते ७ प्रादो संग्रहालय फुकट असतं. रांग मोठी लागते, म्हणून साडेचारलाच उभे राहा. आत गेल्यावर चित्रकार बेलास्केसचं ‘पाब्लो दे बायादोलिद’ हे चित्र गाठा. दरबारातला हा विदूषक पाय फाकवून, एक हात पुढे करून, जणू संवाद म्हणत उभा आहे. त्याच्या मागे ना भिंत, ना जमिनीची रेघ. आहे ती फक्त त्याची सावली. आदल्या रात्रीचा नट कसा उभा होता ते इथे पुन्हा आठवतं.