राष्ट्रपती किंवा पंतप्रधान आजारी पडले, तर सही कुणाची? बातमी तपासताना काय पाहावं

आधी एवढंच पाहा: आजारी कोण, राष्ट्रपती की पंतप्रधान? एकाची सोय राज्यघटनेत आहे, दुसऱ्याची नाही.

राष्ट्रपती असतील तर अनुच्छेद ६५ उघडा. मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युतीमुळे पद रिकामं झालं तर पहिला खंड लागतो: उपराष्ट्रपती काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते. नुसतं आजारपण असेल तर दुसरा खंड: राष्ट्रपती पुन्हा रुजू होईपर्यंत उपराष्ट्रपती कामकाज पाहतात, निवडणूक नाही. १९६१ मध्ये राजेंद्रप्रसाद आजारी असताना राधाकृष्णन यांनी असंच कामकाज पाहिलं. दोन्ही वेळी अनुच्छेद ६० प्रमाणे शपथ लागते. उपराष्ट्रपती एरवी राज्यसभेचे सभापती असतात, म्हणून तेवढ्या काळापुरती राज्यसभा उपसभापतींकडे जाते. उपराष्ट्रपतीही नसले, तर १९६९ च्या कायद्यानुसार सरन्यायाधीश. राष्ट्रपती झाकीर हुसेन ३ मे १९६९ ला वारले, त्यांचं काम पाहणारे उपराष्ट्रपती गिरी यांनी २० जुलैला राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतींचं काम पाहत होते.

गोची एकाच ठिकाणी आहे. राष्ट्रपती शुद्धीवरच नसतील, तर ते काम करू शकत नाहीत हे ठरवायचं कुणी? घटनेत ना वैद्यकीय मंडळ आहे, ना मुदत.

पंतप्रधानांच्या बाबतीत तर तेवढाही आधार नाही. उपपंतप्रधान हे पद घटनेत नाहीच. ज्याला ते मिळतं, तो कायद्याने इतरांसारखाच मंत्री. त्यामुळे शस्त्रक्रिया असेल तर सगळी लिखापढी भूल देण्याआधी उरकावी लागते. मंत्रिमंडळाची बैठक कोण घेणार, हे ठरवायचं. मग पंतप्रधानांनी स्वतःकडे ठेवलेली खाती बघायची. कार्मिक, अणुऊर्जा आणि अवकाश ही सहसा त्यांच्याकडेच असतात. एखादं खातं दुसऱ्याकडे द्यायचं, तर पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपतींचा आदेश निघावा लागतो. जानेवारी २००९ मध्ये मनमोहनसिंग यांच्या बायपासच्या वेळी बैठकांची जबाबदारी आणि अर्थखातं प्रणव मुखर्जींकडे आलं. १६ फेब्रुवारीचा अंतरिम अर्थसंकल्पही त्यांनीच मांडला. पंतप्रधानपद मात्र सिंग यांच्याकडेच राहिलं.

हे आधी केलं नाही की कारभार रेंगाळतो. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरला नेहरूंना झटका आला, तेव्हा शास्त्रींना बिनखात्याचे मंत्री म्हणून घेतलं. वारस कोण, ते लेखी कुठेच नव्हतं. २७ मेला नेहरू गेले आणि गुलझारीलाल नंदांना शपथ देऊन ९ जूनपर्यंत वेळ काढावी लागली. पंतप्रधान गेले की मंत्रिमंडळही जातं, म्हणून शपथ नव्याने. राज्यातही तोच प्रकार: गोव्यात मुख्यमंत्री पर्रीकरांनी मार्च २०१८ मध्ये उपचारांसाठी अमेरिकेला जाताना तीन मंत्र्यांची समिती नेमली, पण १७ मार्च २०१९ ला ते गेल्यावर समितीचा उपयोग संपला आणि १९ च्या पहाटे प्रमोद सावंतांचा शपथविधी करावा लागला.

‘सूत्रं अमुक यांच्याकडे’ असा मथळा दिसला, तर राष्ट्रपती भवनाचं निवेदन शोधा. त्यात खात्याचं नाव नसेल, तर त्या मंत्र्याकडे फार तर बैठकीची खुर्ची आलेली असते.