मोटारहोममागे गाडी ओढायचीय? मग सामान घेताना हा क्रम धरा

अमेरिकेत मोटारहोम (चाकांवरचं घर) घेतलेली आपली बरीच मंडळी आता मागे छोटी गाडी लावून न्यायचं बघतायत, आणि ते बरोबरच आहे, यलोस्टोनमध्ये तीस फुटी धूड घेऊन पार्किंग शोधण्यात निम्मा दिवस जातो. पण टो बार (मोटारहोमला गाडी जोडणारा दोन हातांचा दांडा) ऑर्डर करण्याआधी गाडीचं ओनर्स मॅन्युअल काढा आणि रिक्रिएशनल टोइंगचं पान वाचा. चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढायला चालतं की नाही ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. नाही लिहिलं असेल तर नाहीच, डीलरकडचा माणूस काहीही म्हणो. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधला ऑइल पंप बंद असतो, चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात, तेल पोचत नाही आणि सगळं आतून जळतं. वर्षही बघा, होंडा सीआर-व्ही 2014 पर्यंतची चालते, 2015 ला सीव्हीटी (बिनपायऱ्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आला आणि ते संपलं. जीप रँग्लर इतक्या मोटारहोममागे दिसते ती यासाठीच, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग) न्यूट्रलला टाकली की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो.

मग वजन. समजा तुमचं क्लास सी मोटारहोम फोर्ड ई-450 व्हॅनच्या सांगाड्यावर आहे, भरलेल्या मोटारहोमची मर्यादा 14,500 पाउंड आणि मोटारहोम अधिक गाडी मिळून 22,000. वजाबाकी केली तर 7,500 उरतात, पण मागच्या हिचवर (टो बार अडकवायचा जोड) 5,000 चा स्टिकर असेल तर तुमचा आकडा 5,000 च. टो बार, बेस प्लेट (गाडीच्या पुढे बार अडकवायला बसवतात ती), हिच, केबल, ड्रॉप रिसीव्हर (हिचची उंची जुळवणारा जोड), यांच्या मर्यादांत जो आकडा सगळ्यात कमी तोच खरा. आणि वजन कागदावरचं धरू नका, पाण्याची टाकी, तांदळाची पोती, कुकर, माणसं, सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर चढवा.

टो बार घेताना मोटारहोमच्या बाजूला बसवलेला राहणारा आणि हात मागेपुढे सरकणारा घ्या, म्हणजे गाडी अगदी नेमकी सरळ उभी नसली तरी जोडता येते. रोडमास्टर, ब्लू ऑक्स, डेमको हे तिन्ही चांगले आहेत, फक्त बेस प्लेट त्याच कंपनीची असली की अडॅप्टरची कटकट राहत नाही. बेस प्लेट तुमच्या गाडीच्या मॉडेल आणि वर्षाप्रमाणेच मिळते, पुढचा बंपर उतरवून फ्रेमला बोल्ट करावी लागते, तेव्हा हाताला सवय नसेल तर बसवून घ्या. जोडल्यावर बार जवळपास आडवा हवा, दोन्ही टोकांत 3 इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर ड्रॉप रिसीव्हर लागणारच. सेफ्टी केबल बारखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या.

आता मागच्या गाडीचे ब्रेक, आणि इथे माझं कळकळीचं सांगणं आहे की पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. "मोटारहोम एवढं जड आहे, त्याला काय फरक पडतो" असं लोक म्हणतात, पण चार हजार पाउंडांची गाडी रॉकीजच्या उतारावर मागून रेटत असते तेव्हा फरक पडतोच. शिवाय बऱ्याच राज्यांत 3,000 पाउंडांच्या वर ओढलेल्या गाडीला ब्रेक बंधनकारक आहे, काही ठिकाणी त्याच्याही खाली. दोन प्रकार मिळतात, एक पेटीसारखा, मागच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायांच्या जागी ठेवून पेडल दाबणारा, तो गाडी बदलली तरी चालतो पण दर वेळी काढा-लावा आणि सेट करा. दुसरा कायमचा बसवलेला, महाग, पण एक वायर जोडली की झालं, आणि मी तोच घ्या म्हणेन, कारण पाऊस पडत असताना, मुलं रडत असताना पेटी नीट सेट करायचा कंटाळा येतो. हायब्रिड असेल तर तिच्या ब्रेकला कोणती सिस्टीम चालते ते कंपनीला विचारूनच घ्या. ब्रेकअवे स्विच दोन्हीत हवाच, गाडी सुटलीच तर तो तिचे ब्रेक आपोआप लावतो.

वायरिंगमध्ये डायोड किट घ्या म्हणजे गाडीचेच टेललाइट मोटारहोमबरोबर लागतात आणि करंट उलटा जात नाही. बॅटरीसाठी चार्ज लाइन त्याच वेळी टाकून घ्या, स्टिअरिंग मोकळं ठेवायला बऱ्याच गाड्यांत किल्ली ऑनच्या एक पायरी अलीकडे ठेवावी लागते आणि दिवसभरात बॅटरी बसते. गाडीच्या टायरना प्रेशर सेन्सर पण हवेत, मागच्या गाडीचा टायर फुटला तर पुढे बसून कळत नाही.

निघायच्या आधी रिकाम्या पार्किंगमध्ये सगळं जोडून हळू पुढे जा, थोडं डावी-उजवीकडे वळवा, बारचे दोन्ही हात लॉक झालेले उतरून डोळ्यांनी बघा, घरच्या कोणालातरी मागे उभं करून लाइट तपासा. कॅलिफोर्नियातून जाणार असाल तर गाडी ओढताना ताशी 55 मैलांची मर्यादा आहे. आणि ही जोडी रिव्हर्स घेता येत नाही, चाकं भलतीकडे वळून बार वाकतो, त्यामुळे कॅम्पग्राउंड बुक करताना पुल-थ्रू साइटच (एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर पडता येणारी जागा) मागा.