शरीराचे घड्याळ दिवसाशी कसे जुळवावे

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या चेता एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे 20,000 चेतापेशींचा पुंजका शरीराचे मुख्य घड्याळ चालवतो. त्याचा फेरा सरासरी 24.2 तासांचा असल्यामुळे बहुतेकांना ते प्रकाशाच्या साहाय्याने रोज थोडे पुढे सरकवावे, म्हणजे झोप-जाग लवकर होईल असे करावे लागते.

झोप उशिरा लागत असेल, तर सुरुवात रात्रीपासून नव्हे, सकाळपासून करावी. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर काढावा. खोलीतला दिवा त्याला पर्याय नाही, कारण घरात जेमतेम काहीशे लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाश असतो, तर ढगाळ आकाशाखालीही तो सहसा हजारांत जातो. वेळेबाबत मात्र सावध राहावे. नेहमीच्या उठण्याच्या सुमारे दोन-तीन तास आधी शरीराचे तापमान नीचांक गाठते. त्यानंतर मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे नेतो, तर त्याआधीचा मागे ढकलतो, म्हणूनच मध्यरात्री न्हाणीघरातला लख्ख दिवा लावणे (ही चूक मीही बरीच वर्षे केली) टाळावे. जेवणाच्या वेळाही ठरलेल्या असाव्यात, कारण यकृतातले घड्याळ त्यांवर बेतते. उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनीच अलीकडे आणावी आणि सुटीच्या दिवशीही मोडू नये.