रेडिओचा बेस अँटेना: सोलापूरच्या उन्हात आणि वळवात टिकेल असा कसा निवडावा

माझा पहिला बेस अँटेना, म्हणजे घरातल्या रेडिओ सेटसाठी गच्चीवर उभा करायचा अँटेना, वळवाने मोडला. मे महिन्यातली दुपार, होटगी रोडकडून धुळीचा लोट आला, पाठोपाठ वारा, आणि पंधरा मिनिटांत पाच मीटरची नळी कठड्यावर ओणवी पडली. खाली उतरवून बघितली तर ॲल्युमिनियमच्या नळ्या सरळच्या सरळ. तुटला होता तो एक सांधा. दोन नळ्या आवळणारी क्लिप गंजून पापुद्रा झाली होती आणि तिच्याखाली पांढरी भुकटी साठली होती. तेव्हापासून अँटेना घ्यायचा म्हटलं की मी गेनचा, म्हणजे सिग्नलला मिळणाऱ्या जोराचा, आकडा शेवटी वाचतो, आधी सांधे बघतो.

खरेदीआधी नियमाचं बोलू. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या सिटिझन बँडला (सीबी, म्हणजे सामान्य लोकांसाठीचा रेडिओ पट्टा) लायसन्स लागत नाही, पण ती सूट ५ वॅटपर्यंतच्या आणि अंगचाच अँटेना असलेल्या सेटला आहे. गच्चीवर वेगळा अँटेना उभारला की आपण त्या सुटीच्या बाहेर गेलो. म्हणून मी परीक्षा देऊन हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स काढलं. हॅमचा २८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे १० मीटरचा बँड सीबीला अगदी खेटून आहे. त्यामुळे अँटेनाची जात तीच, लांबी थोडी कमी. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहितो आहे.

आधी लांबी ठरवा. २८.५ मेगाहर्ट्झला क्वार्टर वेव्ह, म्हणजे रेडिओलहरीच्या पाव लांबीची नळी, साधारण अडीच मीटरची येते, हाफ वेव्ह पाच मीटरची, फाइव्ह-एट वेव्ह साडेसहा मीटरच्या पुढे. विक्रेते शेवटचीच गळ्यात मारतात. हाफ वेव्हपेक्षा तिचा फायदा फार तर एखाद्या डेसिबलचा (सिग्नलचा जोर मोजायचं माप). समोरच्याच्या कानाला तो कळत नाही, वरची दीड मीटर नळी मात्र वाऱ्याला बरोबर कळते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ५० किलोमीटरला जो रेटा, त्याच्या चौपट १०० ला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याला विचारा, वारा सुटला की काठीचं वजन तेवढंच राहतं, पण कंबरेवरचा ताण किती वाढतो. ढोबळ हिशेबाने पाच मीटरच्या, इंचभर जाडीच्या नळीवर १०० च्या वाऱ्याला सात-आठ किलोचा आडवा रेटा येतो, आणि तो सगळा बुडाशी तोलला जातो. गच्ची उघडी, आजूबाजूला आडोसा नाही, तर खाली तीन-चार तिरके पाय असलेली क्वार्टर वेव्ह घ्या. दिसायला गरीब, टिकायला दांडगी.

आता दुकानात. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. क्लिपा, यू-बोल्ट, नट यांना ते लावून बघा. चटकन घट्ट चिकटलं तर मुलामा दिलेलं साधं लोखंड असण्याचीच शक्यता जास्त. ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक जेमतेम ओढतं. क्लिपा लोखंडी निघाल्या म्हणून अँटेना टाकायची गरज नाही, स्टेनलेसच्या क्लिपा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आधीच बदलून टाका. नळी नळीत किती शिरते ते बघा. चार बोटं तरी शिरायला हवी. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमला स्क्रूने दाबलेली दिसली तर घेऊ नका. दोन धातू, त्यात पावसाचं पाणी, की तो सांधा आतून खाल्ला जातो.

पांढऱ्या फायबरचा अँटेना दिसतो देखणा, पण आपलं ऊन एप्रिलपासून चाळिशीच्या पुढे असतं. तंतू धरून ठेवणारं वरचं रेझिन उन्हाने उडालं की काचेचे बारीक तंतू वर येतात आणि हात लावला की बोटात रुततात. घ्यायचाच तर जाड रंगाचा लेप असलेला घ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी रंग मारा.

एक चाचणी आवर्जून करा. मल्टिमीटर कंटिन्युटीवर (विजेची वाट अखंड असली की बीप देणारी खूण) ठेवून एक टोक कनेक्टरच्या मधल्या टाचणीला, दुसरं बाहेरच्या धातूला लावा. पुष्कळ बेस अँटेना इथे 'बीप' देतात आणि नवखा माणूस म्हणतो, "शॉर्ट आहे, बदलून द्या." बुडाशी कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, अर्थिंग दिलेलं असेल तर असंच दाखवणार. उलट ते चांगलंच आहे. ढगाळ कोरड्या वाऱ्यात नळीवर साठणारी स्थिर वीज त्या वाटेने उतरून जाते. बीप आली नाही तर अँटेना खराब आहे असं नव्हे, पण मी बीपवाला निवडतो.

जागा निवडताना आधी विजेच्या तारा बघा. मास्ट (अँटेना ज्यावर बसतो तो खांब) आणि अँटेना मिळून जेवढी उंची, त्याच्या दीडपट अंतरात तार नको. पडला तरी पोचता कामा नये. घर विमानतळाच्या बाजूला असेल तर उंचीच्या परवानगीचं आधी विचारा. माळवदाच्या घरात छतावर भार देऊ नका, दगडी भिंतीला क्लँप मारा. स्लॅब असेल तर दीड इंची जीआय पाइप जिन्याच्या भिंतीला दोन ठिकाणी बांधा, क्लँपमध्ये मीटरभर अंतर ठेवा. विटांच्या कठड्याला किंवा टाकीच्या स्टँडला बांधू नका. मास्टला ताण द्यायला नायलॉनची दोरी नको, ती उन्हात कुजते आणि ओली झाली की सैलावते. काळी पॉलिएस्टरची आणा. शेजारच्या काकू विचारतीलच, "अहो, मोबाइलचा टॉवर उभारताय की काय?" त्यांना वर बोलवून दाखवा, पुढची कटकट वाचते.

केबलवर पैसे वाचवू नका. २५ मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये जवळपास २ डेसिबल जातात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शक्ती वाटेतच. आरजी-२१३ या जाड केबलमध्ये ते निम्म्यावर येतं. टीव्हीची ७५ ओहमची केबल वापरू नका. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वर काळी पीव्हीसी टेप. बुडाशी पाणी निथळायचं भोक असेल तर ते बुजवू नका. मी एकदा बुजवलं आणि पावसाळाभर कॉइल पाण्यात ठेवली.

मास्टला जाड तार जोडून अर्थिंगच्या खड्ड्यात न्या आणि घराच्या अर्थिंगशी जोडा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंगही कमजोर होतं. वळीव सुरू व्हायच्या आधी खड्ड्यात पाणी घालत जा. थेट वीज पडली तर यातलं काहीच पुरणार नाही, म्हणून ढग दिसले की केबल सेटमधून काढा. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हातच लावू नका.

उभारल्याच्या दिवशी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून सेटकडे किती शक्ती परत फिरते त्याचं माप, मोजा. १.५ च्या आत उत्तम, २ च्या वर गेला तर सांधे आणि कनेक्टर तपासा, ३ असेल तर सेटवर बोलूच नका, तो जळू शकतो. तो आकडा तारीख घालून जिन्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहा. संक्रांतीनंतर अडकलेला मांजा सोडवायला वर जावंच लागतं. तेव्हाच पाना बरोबर न्या, क्लिपा आवळा, पुन्हा मोजा आणि नवा आकडा जुन्याच्या खाली लिहा.