नवा प्ले-कॉलर आला? अंदाज बांधताना या चुका टाळा

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो, पण ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (चढाई आखणारा सहायक कोच; प्रत्येक प्ले, म्हणजे चाल, सांगणारा प्ले-कॉलर बहुधा तोच) बदललेल्या संघाच्या चाहत्यांचा हंगाम जानेवारीतच सुरू झालेला असतो. आता संघ जास्त पळणार की जास्त फेकणार, हडल न करता (दोन प्लेंच्या मध्ये घोळका करून न ठरवता) खेळणार का, टाइट एंडला (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि झेलही घेणारा खेळाडू) चेंडू मिळणार का, अशी चर्चा सात-आठ महिने चालते. अंदाज बांधण्यात मजा आहेच. फसतात ते एका कारणाने: मैदानावर जे जे दिसतं ते सगळं प्ले-कॉलरच्या खात्यावर टाकलं जातं. त्यातलं किती त्याचं, किती खेळाडूचं आणि किती स्कोअर व नियमांचं, हे वेगळं काढता आलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

दिसला तो प्ले म्हणजेच बोलावलेला प्ले, असं समजणे

ही सर्वांत मोठी चूक. आजच्या कॉलेज ऑफेन्समध्ये बाजूला उभा असलेला कोच बऱ्याचदा एक प्ले पाठवत नाही, दोन-तीन पर्याय असलेलं पाकीट पाठवतो. त्यातला कोणता उघडायचा हे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन प्ले चालवणारा खेळाडू, ठरवतो.

आरपीओ (रन-पास ऑप्शन) घ्या. यात धाव आणि पास दोन्ही एकाच कॉलमध्ये असतात. क्वार्टरबॅक स्नॅपनंतर (चेंडू मागे देऊन प्ले सुरू झाल्यावर) एका ठरलेल्या बचावपटूकडे, बहुधा पहिल्या फळीमागच्या लाइनबॅकरकडे, पाहतो. तो धाव अडवायला पुढे आला तर त्याने सोडलेल्या जागेत पास. तो मागे थांबला तर चेंडू रनिंग बॅकच्या (तो घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या) हातात. सलग तीनदा धाव दिसली म्हणून ‘याला पास बोलावताच येत नाही’ असं म्हणणारा चाहता त्या लाइनबॅकरकडे पाहतच नसतो. समोरचा संघ पास रोखायला माणसं मागे ठेवत होता, म्हणून चेंडू तीनदा रनिंग बॅककडे गेला.

आरपीओ ओळखायचा असेल तर चेंडूवरची नजर काढून ऑफेन्सिव्ह लाइनवर (क्वार्टरबॅकसमोर उभं राहून बचावपटूंना अडवणाऱ्या फळीवर) ठेवा. लाइनमन धावेसाठी पुढे रेटत आहेत आणि त्याच वेळी बाहेरचा रिसीव्हर (पास झेलणारा) छोटा स्लँट (तिरकी आतली धाव) किंवा बबल (बाजूलाच झेलायचा आखूड पास) घेतोय, तर तो बहुधा आरपीओ. लाइनमन जागेवरच अडवत आहेत, चेंडू देण्याचा नुसता आव आणला आणि रिसीव्हर खोल गेले, तर तो प्ले-अ‍ॅक्शन. तिथे पास आधीच ठरलेला होता. कॉलेजमध्ये आरपीओ इतका फोफावला त्याला नियमाचं बळ आहे. पास होत असताना लाइनमनला इथे 3 यार्डांपर्यंत पुढे जायची मुभा आहे, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये फक्त 1 यार्ड.

झोन रीड या धावेच्या प्लेमध्येही असंच. एका डिफेन्सिव्ह एंडला (बचावफळीच्या टोकावरच्या खेळाडूला) मुद्दाम कुणीच अडवत नाही. तो रनिंग बॅकच्या मागे आत घुसला की क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळतो. क्वार्टरबॅक चुकीचं वाचतो तेव्हा धाव 1 यार्डात संपते आणि शिव्या कोचला पडतात. आणखी एक खूण: संघ रांगेत उभा राहतो आणि मग सगळे एकदम बाजूच्या रेषेकडे पाहतात. याचा अर्थ बचावाची मांडणी पाहून कॉल बदलतोय किंवा पक्का होतोय. अशा प्लेला ‘हट्टाने तेच बोलावलं’ म्हणणं चूक.

पदनाम पाहून प्ले-कॉलर ठरवणे

एलएसयूचं (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं) 2019 हे याचं ठळक उदाहरण. एनएफएलच्या न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडून आलेला तरुण जो ब्रेडी पासिंग गेम कोऑर्डिनेटर झाला. क्वार्टरबॅक जो बरोने 2018 मध्ये 16 टचडाउन पास टाकले होते. 2019 मध्ये 60. संघ 15-0 (15 विजय, 0 पराभव) राहिला आणि 13 जानेवारी 2020 रोजी क्लेमसनला 42-25 हरवून राष्ट्रीय विजेता झाला. सगळं श्रेय ब्रेडीच्या नावावर जमा झालं. प्रत्यक्षात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर होता आणि प्ले मुख्यतः तोच बोलावत होता. ब्रेडीने आणलेल्या कल्पना खऱ्या होत्या, त्यांचा उपयोगही खरा होता. पण ‘प्ले कोण बोलावतो’ आणि ‘प्लेबुक कुणी बदललं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पुढच्या वर्षी संघ 5-5 वर घसरला आणि ‘ब्रेडी गेला म्हणून’ हे उत्तर तयारच होतं. त्यात बरो गेला, 2020 च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांच्या खेळाडूनिवडीत) एलएसयूचे तब्बल 14 खेळाडू निवडले गेले, रिसीव्हर जामार चेसने तो हंगाम खेळायचं नाकारलं आणि नवा क्वार्टरबॅक माइल्स ब्रेनन लवकरच जखमी झाला, हे सगळं बाजूला राहिलं.

तेव्हा अंदाज बांधण्याआधी तीन गोष्टी तपासा: हेड कोच स्वतः प्ले बोलावतो का, को-कोऑर्डिनेटर, रन गेम कोऑर्डिनेटर अशी पदं किती जणांना वाटली आहेत, आणि मागच्या वर्षीचे कोणते सहायक, विशेषतः ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच, तसेच राहिले आहेत. लाइनचा कोच तोच असेल तर धावेची भाषा सहसा फारशी बदलत नाही, मग कोऑर्डिनेटर कुणीही येवो.

जुन्या नोकरीवरून नव्या संघाचं चित्र रंगवणे

फेब्रुवारी 2024 मध्ये ओहायो स्टेटमध्ये विचित्र घडामोड झाली. जानेवारीत घेतलेला कोऑर्डिनेटर बिल ओब्रायन बोस्टन कॉलेजचा हेड कोच म्हणून गेला आणि त्याच्या जागी यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचं हेड कोचपद सोडून चिप केली आला. हेड कोच रायन डेने प्ले-कॉलिंग त्याच्याकडे दिलं. चाहत्यांच्या डोळ्यांसमोर लगेच केलीचं 2009 ते 2012 चं ओरेगॉन उभं राहिलं: हडल नाही, श्वास घ्यायला वेळ नाही, 15-20 सेकंदांत पुढचा स्नॅप. प्रत्यक्षात 2024 चं ओहायो स्टेट सावकाश खेळलं, घड्याळ खर्चत खेळलं. कोचची जुनी ओळख त्याच्यासोबत येते; जुना वेग येईलच असं नाही. केलीने यूसीएलएमध्येच तो वेग बराच कमी केला होता. अंदाज बांधायचा तर कोचची शेवटची दोन वर्षं पाहा, सर्वांत गाजलेली दोन नव्हे.

याच हंगामात उलटी चूकही घडली. 30 नोव्हेंबरला मिशिगनने कोलंबसमध्ये येऊन 13-10 ने हरवलं. मेसन ग्रॅहमसारखे दांडगे खेळाडू आतल्या फळीत असतानाही ओहायो स्टेट मधूनच धाव काढायला जात राहिलं. ती टीका रास्त होती. जेरेमाया स्मिथ आणि एमेका एग्बुकासारखे रिसीव्हर मैदानाच्या कडेला पास झेलायला उभे असताना तो आग्रह समजण्यासारखा नव्हता. पण त्यावरून ‘केलीला खेळच कळत नाही’ हा निष्कर्ष तीन आठवडेही टिकला नाही. प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेरीत) टेनेसीविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये 21-0 आणि शेवटी 42-17, रोझ बोलमध्ये ओरेगॉनविरुद्ध 41-21. कोच तोच, क्वार्टरबॅक विल हॉवर्ड तोच. बदलला तो क्रम: आधी पासने बचाव पसरवायचा, मग धाव.

आणि ऑफेन्सिव्ह लाइनचं काय? ऑक्टोबरमध्ये लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स जखमी झाला, नोव्हेंबरमध्ये सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन. लेफ्ट गार्ड डोनोवन जॅक्सनला टॅकलवर हलवावं लागलं. धाव का खुंटली याचं उत्तर शोधताना ही तीन नावं प्ले-कॉलरच्या नावाआधी यायला हवीत.

टेक्ससने उपांत्य सामन्यात स्मिथला असं जखडलं की त्याच्या वाट्याला 3 यार्डांचा एकच झेल आला, तरी ओहायो स्टेट 28-14 जिंकलं. त्या दिवशी ‘स्मिथला विसरले’ म्हणणाऱ्यांनी त्याच्यावर किती बचावपटू लागले होते हे मोजायला हवं होतं. अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध थर्ड अँड 11 वर (तिसरा प्रयत्न, अजून 11 यार्ड बाकी) चेंडू त्याच्याकडेच गेला, 56 यार्ड मिळाले आणि 34-23 चा विजय पक्का झाला.

बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता) जसाच्या तसा वाचणे

कॉलेजच्या आकडेवारीत सॅकचे (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेला तर) गमावलेले यार्ड धावेतून वजा होतात आणि तो प्ले धाव म्हणून मोजला जातो. एनएफएलची सवय असलेला चाहता इथे हमखास फसतो. समजा नोंद आहे 30 धावा, 90 यार्ड, म्हणजे सरासरी 3. त्यात 4 सॅक आणि त्यांचे उणे 28 यार्ड असतील, तर खऱ्या धावा 26, यार्ड 118, सरासरी साडेचारच्या वर. धाव ठीक होती. दुखणं पास टाकताना क्वार्टरबॅकला वाचवण्यात होतं.

धाव-पासचं प्रमाणही असंच दुरुस्त करा. बॉक्स स्कोअर म्हणतो 34 धावा, 32 पास. त्यातले 4 सॅक आणि क्वार्टरबॅक पास टाकायला मागे जाऊन नाइलाजाने पळाला असे 3 प्ले काढून पासमध्ये घाला. आता बोलावलेल्या धावा 27, बोलावलेले पास 39. ‘निम्म्याहून जास्त धावा’ असं दिसणारा संघ खरं तर 41 टक्केच धाव बोलावत होता. चौथ्या क्वार्टरमध्ये आघाडी 21 गुणांच्या पुढे गेली असेल तर तिथून पुढचे प्ले बाजूला ठेवा; तिथे घड्याळ संपवणं हाच बेत असतो.

सामन्यामागे गुण हा आकडा तर फारच फसवा. आयोवाने 2023 मध्ये कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेंट्झच्या करारात सामन्यामागे सरासरी 25 गुणांची अट घातली होती, आणि त्यात डिफेन्स व स्पेशल टीम्सने (किकच्या वेळी खेळणाऱ्या गटांनी) मिळवलेले गुणही धरले जात होते. तरीही संघाची सरासरी 15.4 राहिली, पण मोजपट्टीच ऑफेन्सची नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. डिफेन्स आणि रिटर्नचे टचडाउन काढा, ओव्हरटाइमचे गुण काढा (तिथे सुरुवातच प्रतिस्पर्ध्याच्या 25 यार्ड रेषेवरून होते), आणि उरलेले गुण ड्राइव्हच्या (चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंतच्या चढाईच्या) संख्येने भागा.

ड्राइव्हनेच का? कारण 2023 पासून फर्स्ट डाउननंतर (10 यार्ड पूर्ण करून नवे चार प्रयत्न मिळाल्यावर) घड्याळ थांबत नाही. अपवाद फक्त प्रत्येक हाफच्या शेवटच्या 2 मिनिटांचा. सामन्यातले प्ले त्यामुळे कमी झाले. 2022 च्या कोऑर्डिनेटरचे एकूण यार्ड आणि आजच्याचे एकूण यार्ड शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे.

मैदानाची रुंदी विसरणे

कॉलेजमध्ये दोन हॅश मार्कमधलं (ज्या खुणांच्या आतूनच प्ले सुरू होतो) अंतर 40 फूट, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावीकडे 60 फूट आणि उजवीकडे 100 फूट जागा उरते. म्हणून रुंद बाजूला स्वीप (कडेने वळणारी धाव) आणि बबल, अरुंद बाजूला सर्वांत बळकट रिसीव्हर एकटा, हे वारंवार दिसतं. त्याला ‘ठरावीक, ओळखता येण्याजोगं’ म्हणण्याआधी हॅश पाहा.

स्प्रिंग गेम आणि हायलाइट्सवर भिस्त

स्प्रिंग गेममध्ये (वसंतातल्या संघांतर्गत सराव सामन्यात) प्लेबुक मुद्दाम साधं ठेवतात. ती चित्रफीत पुढचे प्रतिस्पर्धी पाहणार असतात. तिथून फक्त दोन गोष्टी घ्या: स्नॅपआधी खेळाडू किती गोंधळतात आणि कोण कुठे उभा राहतो.

भारतात बसून सामने पाहणाऱ्यांची वेगळी अडचण आहे. ईस्टर्न वेळेनुसार दुपारी 12 चा सामना सप्टेंबरात आपल्याकडे शनिवारी रात्री 9:30 ला सुरू होतो आणि पाहता येतो. संध्याकाळी 7:30 चा मात्र रविवारी पहाटे 5 ला. मग उठून हायलाइट्स पाहिल्या जातात. हायलाइट्समध्ये प्ले-कॉलिंग दिसतच नाही, कारण त्यात सेकंड अँड 8 वर काढलेले 4 यार्ड नसतात. वेळ कमी असेल तर पूर्ण रेकॉर्डिंगमधला फक्त दुसरा आणि तिसरा क्वार्टर पाहा. पहिले 10-15 प्ले अनेक कोच आठवडाभर आधी लिहून ठेवतात. ती तयारी झाली. बचावाने उत्तर दिल्यावर कोच काय करतो ते त्यानंतर दिसतं.

पाहताना वहीत सहा रकाने पुरतात: डाउन आणि अंतर, हॅश, किती रनिंग बॅक व टाइट एंड (एक-एक असेल तर 11, एक आणि दोन असतील तर 12), स्नॅपआधी हालचाल, प्ले, मिळालेले यार्ड. यशाची कसोटी अशी लावा: फर्स्ट डाउनवर हव्या असलेल्या अंतराच्या 50 टक्के, सेकंडवर 70 टक्के, थर्ड आणि फोर्थवर पूर्ण. थर्ड अँड 12 वरच्या स्क्रीन पासवर (मागेच झेलायच्या आखूड पासवर) राग येतो तेव्हा त्याच ड्राइव्हच्या फर्स्ट डाउनची ओळ वाचा. चूक बहुधा तिथे सापडते. सुरुवातीच्या एफसीएस (खालच्या पातळीच्या) संघाविरुद्धच्या सामन्याची नोंद वेगळ्या पानावर ठेवा आणि कॉन्फरन्सचे (आपल्या गटातले) तीन सामने होईपर्यंत बेरजा करू नका.